एकटा घड

सिस्टरमावशींनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात गरम इस्त्री होती. पुढचं सगळं त्यातून झालं.

शनिवारची दुपार, चारचा सुमार. मावशी निवृत्त परिचारिका, म्हणून सगळं चर्च त्यांना सिस्टरमावशी म्हणे. जेवणाच्या टेबलावर त्यांनी जाड चादर घातली होती आणि तिच्यावर प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं वस्त्र. ते धुवायचं, इस्त्री करायचं आणि रविवारी सकाळी अंथरायचं, हे काम मावशी सव्वीस वर्षं करत होत्या. उद्याच्या उपासनेत चर्चमधल्या सेवकांचं कौतुक होणार होतं. यादीत पहिलं नाव त्यांचं होतं.

डाव्या खांद्यावर मान वाकवून त्यांनी फोन धरला होता. पलीकडे रविवारच्या शाळेतली ताई रडत होती.

"मावशी, मी उद्या पाळकसाहेबांना सांगून टाकते. मला नाही जमत हे. गेल्या रविवारी फक्त चार मुलं आली. त्यातलं एक दुसऱ्याला चावलं."

"रक्त आलं?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? अगं, एखादा दिवस बिघडला म्हणून कोणी सेवा सोडतं का? देव काय चुकांची वही घेऊन बसलाय? थांब, आपण आत्ताच्या आत्ता प्रार्थना करू."

उभ्यानं, बसून किंवा फोनवर, प्रार्थना डोळे मिटूनच करायची ही मावशींची लहानपणापासूनची सवय. त्यांनी ताईसाठी मागितलं, चारही मुलांसाठी मागितलं, चावणाऱ्यासाठी वेगळं मागितलं. हात जिथे होता तिथेच राहिला. 'आमेन' म्हणेपर्यंत वास सुटला होता.

बाहेरच्या खोलीतून त्यांचे यजमान आले. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि निवृत्तीनंतरही कशातही आधी चूक बघत.

"काय करपलं?"

"माझी सव्वीस वर्षं," मावशी म्हणाल्या.

डाग वस्त्राच्या पुढच्या भागात, उजवीकडे होता. तपकिरी, टोकदार, तळहाताएवढा. मावशींनी त्यावर लिंबू लावलं, मग व्हिनेगर, मग खायचा सोडा. प्रत्येक उपचारानंतर डाग जास्त ठळक झाला. सहाच्या सुमारास त्यांनी रुग्ण हाताबाहेर गेल्याचं जाहीर केलं.

चर्चकडे दुसरं वस्त्र नव्हतं. हेच चाळीस वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं भरलं होतं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, आता अठ्ठ्याऐंशीच्या. काठावर त्यांनी गव्हाच्या ओंब्या ओळीनं भरल्या होत्या आणि डाव्या बाजूला, सगळ्या नक्षीपासून लांब, द्राक्षांचा एकच घड. तो तिथे एकटाच का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. पाळकसाहेबांनी मात्र गेल्या सहा वर्षांत त्या एकट्या घडावर तीन प्रवचनं दिली होती. वेलीपासून दूर पडलेल्यालाही प्रभू विसरत नाही, असा त्यांचा मुद्दा असे, आणि तिन्ही वेळा लोकांचे डोळे पाणावले होते. अशा वस्त्रावर मावशींनी इस्त्री ठेवली होती.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी कागद घेतला आणि सेवेतून मुक्त करावं म्हणून पत्र लिहिलं. यजमानांनी ते वाचलं.

"'अक्षम्य' हा शब्द काढ."

"का? अक्षम्यच आहे."

"चर्चला लिहितेयस. तिथे तो चालत नाही."

"चेष्टा करू नका हो. उद्या मला सगळ्यांसमोर पुढे बोलावणार, टाळ्या वाजवणार, आणि मागे मेजावर हे! उपासना झाली की पत्र देते नि मोकळी होते. या हातांना आता भरवसा राहिला नाही."

यजमान हसले नाहीत. सव्वीस वर्षांत शनिवारी दुपारी ही बाई कधी कुठे गेली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी 'अक्षम्य' खोडलं आणि कागद परत दिला.

रविवारी सकाळी साडेसातला मावशींनी वस्त्र अंथरलं, फुलदाणी बरोबर डागावर ठेवली आणि मागच्या खोलीत पेले धुवायला गेल्या.

पावणेआठला चर्चचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ नोकरीनं नकाशे काढणारे. फुलदाणी एका बाजूला दिसल्याबरोबर त्यांनी ती उचलली, आणि डाग पाहिला. मागच्या खोलीतून पेल्यांचा आवाज येत होता. सेक्रेटरींच्या लक्षात सगळं आलं. आपल्याला ताप आला होता तेव्हा मावशी सलग नऊ दिवस इंजेक्शन द्यायला घरी आल्या होत्या, हेही त्यांना आठवलं. त्यांनी फुलदाणी अलगद परत ठेवली आणि ती कोणी हलवू नये म्हणून तिला खेटून पवित्र शास्त्राचं लाकडी स्टँड उभं केलं.

आठ वाजता पेटीमास्तर आले. त्यांना सुरांइतकाच वस्तूंचाही तोल लागे. उजवीकडे एवढी गर्दी बघून त्यांनी स्टँड उचललं, फुलदाणी उचलली, आणि खालचा डाग दिसताच दोन्ही घाईनं जागेवर ठेवली. मग तोल साधावा म्हणून डावीकडे दुसरी फुलदाणी आणली. तिनं तो प्रसिद्ध एकटा घड पुरता झाकला. हे मास्तरांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी ती मधे सरकवली आणि दोन्ही टोकांना दोन मेणबत्त्या लावल्या.

सव्वाआठला ताई आली. तिला फक्त एका कलंडलेल्या फुलाचा देठ नीट करायचा होता. फुलदाणी आणि स्टँडमधल्या फटीतून डाग दिसल्यावर तिनं त्याचा आकार बघितला, हुंगून बघितलं, आणि काल फोनवर 'आमेन'नंतर मावशी "अगं बाई!" का ओरडल्या, ते तिला समजलं. तिनं वर्गात पळत जाऊन मुलांनी पुठ्ठ्याचं केलेलं जहाज आणलं आणि त्या फटीसमोर उभं केलं.

साडेआठला पाळकसाहेब एका हातात भाकरीचं ताट आणि दुसऱ्या हातात प्याला घेऊन मेजाशी आले. मेजावर जागा नव्हती.

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मंडळी उभी होती, पहिलं गीत संपत आलं होतं. मास्तरांनी त्यांचा पेच पाहिला आणि एक कडवं पुन्हा सुरू केलं. मंडळी गोंधळली, पण गायली. सेक्रेटरी बाकावरून खुणा करत होते. पाळकसाहेबांना त्या कळल्या नाहीत. त्यांनी ताट काखेशी धरलं आणि मोकळ्या बोटांनी जहाज बाजूला केलं.

"साहेब, राहू द्या ते!" सेक्रेटरी ओरडले.

"अहो, पण भाकर कुठे ठेवू?"

"माझ्याकडे द्या. मी धरून उभा राहतो."

"तासभर?"

"दोन तास!"

"फुलदाणी नका हलवू!" ताई म्हणाली.

"स्टँडसुद्धा!" पेटीमागून मास्तर म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आपण एकटेच नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळलं. पाळकसाहेबांनी स्टँड हलवलं, फुलदाणी उचलली. पहिल्या दोन बाकांना डाग दिसला आणि बाकीच्यांना पहिल्या दोन बाकांचे चेहरे.

शेवटच्या बाकावरून मावशी उठल्या. त्यांचे यजमानही उठले, पण मावशींनी त्यांना हातानं बसवलं. मधल्या वाटेनं चालत त्या पुढे आल्या. हातात घडी घातलेला कागद होता.

"माझ्या हातून झालंय," त्या म्हणाल्या. "यांच्यापैकी कोणाचा दोष नाही. मी पत्र आणलंय. आजपासून दुसऱ्या कोणाला तरी…" पुढचं वाक्य त्यांनी घरी पाठ केलं होतं. ते आलं नाही.

"मावशी," ताई पुढे येत म्हणाली, "काल तुम्ही मला काय सांगितलंत? देव चुकांची वही घेऊन बसलाय का, म्हणून? ते काय फक्त माझ्यासाठीच होतं? तुमचं ऐकून मी आज आले ना!"

"तुझं मूल चावलं होतं गं. मी चर्चचं वस्त्र जाळलंय."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून काठीचा आवाज आला. मोठ्या बाईंना कमी ऐकू येई, त्यामुळे त्या सगळ्यांशी लांबच्या वर्गाशी बोलावं तसं बोलत.

"काय जळलं? सरका. बघू दे."

त्या मेजाशी आल्या. डाग त्यांनी बोटानं चाचपला, टोक बघितलं, रुंदी बघितली.

"माझ्यापेक्षा लहान आहे," त्या म्हणाल्या.

कोणालाच काही कळलं नाही.

"अहो, असे बघता काय? हा द्राक्षांचा घड तुम्हाला काय वाटला? इतक्या लांब एकटा घड कोण भरेल? काम पुरं झालं, शेवटची इस्त्री फिरवत होते, दारात कोणीतरी आलं. झालं! दोन रात्री रडले. मग डागाच्या आकारात काय बसेल ते शोधलं. रुंद वर, निमुळतं खाली. घडच बसला."

पाळकसाहेबांचा चेहरा तीन प्रवचनं परत मागितल्यासारखा झाला होता.

"बाई, तुम्ही पहिल्या बाकावर बसून तिन्ही वेळा ऐकलंत," ते हळूच म्हणाले. हळू म्हटलेलं बाईंना ऐकू जाईना, म्हणून मोठ्यानं म्हणावं लागलं. "मला सांगितलं का नाही?"

"कशाला सांगू? छान बोलत होतात. दर वेळी घरी जाताना वाटायचं, माझी चूकसुद्धा देवानं कामाला लावली. चाळीस वर्षांत मला एवढा धीर दुसऱ्या कशानं आला नाही."

मग त्यांनी मावशींच्या हातातला कागद घेतला. मावशींना वाटलं, आता वाचतील. बाईंनी तो उलटा केला, कोरी बाजू डागावर ठेवली आणि हात पसरला.

"पेन्सिल."

सेक्रेटरींच्या खिशात पेन्सिल होतीच. बाईंनी सावकाश डागाची कड कागदावर उतरवली आणि आत द्राक्षं काढली, एकवीस.

"हा नमुना. टाके घालता येतात ना?"

"माणसांना घातलेत," मावशी म्हणाल्या.

"तसेच घाल. हे हलणार तरी नाही."

मावशी आधी हसल्या, मग रडल्या. पाळकसाहेबांनी ताट शेवटी मेजावर ठेवलं.

महिन्याभरानं दुसरा घड पुरा झाला. टाके जरा शस्त्रक्रियेच्या वळणाचे होते, पण घट्ट होते. त्या रविवारी प्रवचनाला पाहुणे पाळक होते. त्यांची नजर वस्त्रावर गेली आणि ते थांबले. हातातला कागद त्यांनी मिटला.

"या दोन घडांकडे बघा," ते म्हणाले. "एक जुना, एक नवा. भरणारीनं किती विचार केला असेल! देवाचं काम एकट्यानं करायचं नसतं, हेच तिला सांगायचं होतं."

पाळकसाहेब खाली बघत होते. सेक्रेटरींनी खोकला दाबला. त्यांची समजूत कोणी मोडली नाही; मागच्या बाकावर ताई तर चक्क डोळे पुसत होती. मोठ्या बाई मावशींच्या कानाशी वाकल्या आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"मधे तिसऱ्यापुरती जागा आहे अजून."