वजन उतरवा

सिताराम कांबळे तुर्भ्याच्या मसाल्याच्या गोदामात मुकादम होते. 'उतरवा' या शब्दाला त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. ट्रक लागला की ते ओरडत, "उतरवा!" आणि हमाल पोती उतरवत. त्यामुळे पुढे जे झालं, त्यात वाशीच्या डॉक्टरांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी सितारामांच्या बायकोचे, गिरजाबाईंचे, सुजलेले गुडघे दाबून पाहिले, एक्स-रे उजेडात धरला आणि सरळ मराठीत सांगितलं, "बाई, वजन उतरवा."

"म्हंजे?" सितारामांनी विचारलं.

"गुडघा म्हणजे दाराची बिजागरी समजा. दार जड झालं की बिजागरी कुरकुरते. आतली गादी झिजत चाललीये. जिना उतरताना तर अंगाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो. वजन उतरलं, तर तो भार कमी होईल."

"बराबर! आजपासून हिला वजन नाय!"

गिरजाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला.

कोपरखैरण्याच्या त्या बैठ्या घरात दुसऱ्या दिवशीपासून क्रांती झाली. लग्न झाल्यापासून ज्या माणसानं पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो नळावर बायकांच्या रांगेत उभा राहिला. बाजाराची पिशवी, धुण्याची बादली, रॉकेलचा डबा, सगळं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. गिरजाबाईंसाठी हातांची प्लास्टिकची खुर्ची आणली. "उठायचं नाय. काय लागलं तर हाक मार."

आधी गिरजाबाई भाजी आणायला चालत जायच्या, बुद्धविहारात चालत जायच्या. आता त्या खुर्चीतून दार बघत बसायच्या. त्यात सितारामांना कुणीतरी सांगितलं की डिंकाच्या लाडवानं सांध्यांना वंगण मिळतं. लाडवांचा डबा खुर्चीशेजारी आला. गिरजाबाईंचे ब्लाउज उसवून सैल करावे लागले, तेव्हा सिताराम शेजाऱ्यांना कौतुकानं म्हणाले, "तब्येत भरलीये." गुडघे मात्र आणखी दुखायला लागले. म्हणून त्यांनी केर काढणंही स्वतःकडे घेतलं.

मग लेकीला, क्रांतीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ती म्हणाली, "आई, तुला खुर्चीतून उठवायलाच दोन माणसं लागतात. बाळाला न्हाऊ कोण घालणार?" बाळंतपण सासूनं केलं. त्या दिवशी गिरजाबाई डोळ्यांना पदर लावून रडल्या, आणि सितारामांनी घाईघाईनं त्यांच्यापुढे लाडू धरला.

नामकरण ऐरोलीला जावयाच्या घरी होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. क्रांतीचा एकच हट्ट होता, बाळाला पाळण्यात आपल्या आईनंच घालायचं. सितारामांनी गोदामातले मानसिंग आणि श्यामसुंदर असे दोन तगडे हमाल आणले. गिरजाबाईंना खुर्चीसकट उचललं.

"सांभाळून! माल नाजूक हाय!"

"माल कुनाला म्हनता?" खुर्चीतून आवाज आला.

पहिला मजला पार पडला. दुसऱ्याच्या वळणावर खुर्चीचे हात कठड्यात अडकले. "तिरपी करा!" सिताराम ओरडले. तिरपी केली. खुर्चीचा एक पाय काडकन मोडला आणि गिरजाबाई हळूच घसरत जिन्याच्या पायरीवर बसल्या. लागलं काही नाही, पण त्या अरुंद वळणावर हमालांनाही त्यांना उचलता येईना.

वर नामकरणाला आलेल्या भन्तेजींना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. गिरजाबाईंसाठी न थांबता वंदना सुरू झाली. जिन्यातला गोंधळ ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या फातिमा बाहेर आल्या. त्या निवृत्त नर्स होत्या. त्यांनी गुडघे चाचपले आणि विचारलं, "डॉक्टरनी काय सांगितलेलं?"

"वजन उतरवा म्हनाले," सिताराम अभिमानानं म्हणाले. "हिला काडी उचलू दिली नाय मी. खुर्चीतच बसवून डिंकाचे लाडू चारले."

फातिमा बघतच राहिल्या. "अहो भाईसाहेब, अंगावरचं वजन! चालणं बंद केलंत, तर मांडीचं बळ जाणार आणि सगळा भार हाडावर. वर लाडू?"

सिताराम मोडक्या खुर्चीचा पाय हातात घेऊन उभे राहिले. "गिरजा, मी चुकलो गं. मला कळलंच नाय."

"मला कळलं व्हतं," गिरजाबाई म्हणाल्या. "डॉक्टरच्या समोरच."

"मग बोलली का नाय?"

"जन्मात पैल्यांदा तुमी बादली उचलली व्हती. ती खाली ठेवा, असं कोनत्या तोंडानं सांगू?" त्या पुढे म्हणाल्या, "वाटलं, चार दिवस घ्यावं सुख. मग चार दिवस संपेचनात."

वर टाळ्या वाजल्या.

"काय नाव ठेवलं?" गिरजाबाईंनी मान वर करून विचारलं.

"ऐकू नाय आलं," सिताराम म्हणाले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

थोड्या वेळानं क्रांती बाळाला घेऊन खाली आली. चेहरा रडवेला होता. तिनं वाकून बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. सवयीनं सितारामांचे दोन्ही हात पुढे झाले. "आन इकडं. तुला वजन—"

"हात लावून तर बघा!" गिरजाबाई कडाडल्या.

सितारामांनी हात मागे घेतले. लेकीला विचारायचा धीर होईना, मग ते उठून वर गेले, नाव विचारायला.