खळ्यावरची कादंबरी

नाताळच्या सुट्टीत वाचायला प्रेमाची कादंबरी हवी, हे वाक्य कान्हा मास्तरने शाळेपासून वाचनालयापर्यंत मनात घोकत आणलं होतं. पण शहापूरच्या वाचनालयाचे चिटणीस दामूअण्णा चष्म्यावरून बघायला लागले आणि वाक्य घशातच बसलं.

"बोला मास्तर, काय देऊ?"

"काहीतरी... हलकं."

"वजनाने?"

"तसं नव्हे. सुट्टीत वाचण्यासारखं. सणासुदीचं."

दामूअण्णांचा जन्म पुस्तकं आणि माणसं चाळण्यात गेला होता. "लग्न कधी झालं तुमचं?"

"वैशाखात."

"आणि मंडळी कुठे असतात?"

"शेणव्याला. आईजवळ."

"अरेरे," दामूअण्णा म्हणाले आणि मागच्या रांगेतून लाल कापडी बांधणीचं एक पुस्तक काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं. "ही न्या. कोजागिरीला भेट, दिवाळीला रुसवा, संक्रांतीला समजूत आणि शेवटच्या पानावर लग्न. मधे नायिका तीन-चारदा मूर्च्छा येऊन पडते. आमच्या घरात हिची पारायणं झाली आहेत. आणि ही दुसरी लढाईची पण न्या. कोणी नेत नाही, वाळवी लागेल."

महायुद्ध पेटायला अजून अवकाश होता, रॉकेल स्वस्त होतं आणि शेतकऱ्याच्या पोराने तालुक्याच्या शाळेत मास्तर होणं म्हणजे गड जिंकणं होतं. असा हा गड जिंकलेला मास्तर शहापुरात एका खोलीत राहायचा, दुपारी चुरमुऱ्यांवर भागवायचा आणि शनिवारी पायी शेणव्याला जायचा. बायकोशी मात्र त्याचं बोलणं जेमतेम. चंद्रकला वाशिंदच्या स्टेशनवरच्या पोर्टरची मुलगी, सहावीपर्यंत शिकलेली. पण दिवसा नवरा-बायकोने समोरासमोर बोलणं त्या काळी चावटपणात जमा होत असे, आणि रात्री पुरुष ओसरीवर नि बायका आत. तिला शहापूरला न्यावं, दोघांनी त्या खोलीत संसार मांडावा, एवढीच कान्हाची इच्छा होती. त्यासाठी आईला विचारायला हवं होतं. दर शनिवारी तो विचारायचं ठरवून जायचा आणि दर रविवारी न विचारता परत यायचा. धोंडीबाईपुढे तोंड उघडण्यापेक्षा तपासणीला आलेल्या साहेबासमोर वर्ग घेणं सोपं.

निदान या सुट्टीत तरी घरामागच्या जांभळीखाली बसून तिला कादंबरी वाचून दाखवावी, असा त्याचा बेत होता. बेत उत्तम होता. फक्त त्यात भाताची झोडणी धरलेली नव्हती.

तो घरी पोचला तेव्हा सगळं घर खळ्यावर होतं. वडील अनंता, शेजारचा कमळू, वाडीवरची रखमी आणि आणखी चार-सहा माणसं ओंडक्यावर पेंढ्या आपटत होती. चंद्रकला एका बाजूला बसून हाताला तेल लावत होती. पहिल्याच दिवशी तिच्या तळव्यांना फोड आले होते.

"वाशिंदची पोर ती," धोंडीबाई म्हणाली. "गाडीला बावटा दाखवाया सांगा, येल तिला. झोडाया नाय येत." आणि बोलता बोलता तिने लेकाची पिशवी खळ्यावरच उलटी केली. "ही रं कसली पोथी?"

"पोथी नाय आये, गोष्टीचं पुस्तक हाय."

"मंग बरंच झालं. चंद्रकले, हात दुखतात, तोंड तर दुखत नाय ना? बस तिथं नि वाच. मानसांच्या कानाला तेवढाच इरंगुळा."

अशा रीतीने जांभळीखाली एकांतात वाचायची कादंबरी खळ्याच्या मधोमध, चारचौघांत सुरू झाली. मास्तरच्या हातात पेंढी आली.

चंद्रकला वाचायची छान. शब्द स्पष्ट, आवाज गोड. कोजागिरीच्या चांदण्यात नायक नायिकेजवळ आला आणि खळ्यावरचे सगळे हात हवेत थांबले. पेंढ्या तशाच डोक्यावर.

"अरे, झोडा की!" अनंता ओरडला.

"थांबा वो दादा," कमळू म्हणाला, "हात धरतोय का नाय, तेवढं बघू द्या."

नायकाने हात धरायला चार पानं घेतली. तेवढ्या वेळात एक पेंढी झोडली गेली नाही. हात धरल्यावर सगळ्यांनी सुस्कारे टाकले, तंबाखू मळली आणि तो धरला हे बरं की वाईट, यावर चर्चा झाली. नायिका मूर्च्छा येऊन पडली तेव्हा रखमी कांदा आणायला धावली. दिवस मावळला तेव्हा भाताचा ढीग सकाळी होता त्याच्या दीडपटही नव्हता.

"उद्या जरा जोर करा," अनंता म्हणाला. पण दुपारभर तो स्वतः पेंढ्याआड विझलेली बिडी ओढत बसला होता, हे कान्हाने पाहिलं होतं.

कान्हाला हिशेब कळला. झोडणी उरकली तर उरलेली सुट्टी त्याची आणि चंद्रकलेची. आणि कादंबरी जितकी प्रेमाची तितकी झोडणी मंद. म्हणजे स्वतः हौसेने निवडून आणलेल्या पुस्तकानेच त्याच्या पायात पाय घातला होता. दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप लाल पुस्तक दडवलं आणि लढाईचं पुढे केलं.

मग काय विचारता! किल्ल्याला वेढा पडला आणि खळ्यावर धुमाळी सुरू झाली. "हाणा!" म्हणत कमळू अशा पेंढ्या आपटायला लागला की भात खळ्यात कमी आणि कुंपणात जास्त पडू लागलं. तोफा धडाडल्या तेव्हा ओंडकाच घसरून अनंताच्या पायावर गेला. दुपारपर्यंत मोठं काम उरकलं होतं, पण अनंता एका पायावर लंगडत करवंदीच्या जाळीतून दाणे वेचत होता आणि लढाई लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारत होता.

शेवटी रखमीने पेंढी खाली ठेवली. "मास्तर, ही मारामारी रोज वाडीवं फुकट बघाया भेटं. ती पोर पडली हुती, ती उठली का नाय, ते सांगा. नायतर उद्यापासून आमी येत नाय."

"खरंच गो," धोंडीबाई म्हणाली. "माझा बी जीव तिच्यातच हाय."

लाल पुस्तक परत आलं.

कान्हाने विहिरीवर चंद्रकलेला गाठलं. इकडे-तिकडे बघत तो म्हणाला, "पानं गाळ जरा. दोन-दोन उलटत जा. लवकर संपव."

"बरं," ती म्हणाली आणि घागर घेऊन गेली. आठ महिन्यांच्या संसारातलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं.

पण कादंबरी संपेना. उलट ती फुगत चालली. नायकाचा एक काका निघाला, त्याने नायकाला कोंडून ठेवलं. नायिका त्याला सोडवायला निघाली तर तानसाच्या रानात तिच्या वाटेत वाघ आडवा आला. पुण्यात बसून कादंबऱ्या लिहिणाऱ्या गृहस्थाला तानसाचं रान इतकं तपशिलात कसं ठाऊक, याचं कान्हाला नवल वाटलं, पण त्याच्या हातात पेंढी होती आणि पाठ मोडून आली होती. वाघाच्या दिवशी तर एकही पेंढी उचलली गेली नाही. पलीकडच्या खळ्यावरची माणसंही ऐकायला येऊन बसली. धोंडीबाईने सुनेच्या घशासाठी आलं-गुळाचा काढा केला आणि स्वतःच्या हाताने तिला पाजला. घरात आल्यापासून चंद्रकलेचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

अशात सुट्टी संपत आली. दुसऱ्या दिवशी कान्हाला निघायचं होतं, थोड्या पेंढ्या अजून उरल्याच होत्या, जांभळीखाली कोणी बसलं नव्हतं आणि आईला विचारायचं ते विचारलं नव्हतं. त्यात सकाळी चंद्रकलेचा आवाजच बसला. ओठ हलत होते, पण बाहेर नुसता वारा.

"कान्ह्या, तू मास्तर ना? वाच," धोंडीबाई म्हणाली.

"कुठवर आलंय?"

"त्याची सुटका झाली," कमळूने सांगितलं. "लगीन बी झालं. आता तो नोकरीवं परत निघालाय आन ती दारात हुबी हाय. पुढं काय?"

कान्हाने पुस्तक घेतलं. पेंढ्याची खुणेची काडी होती तिथे उघडलं. पान शेवटचं होतं. त्यावर लग्न लागत होतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'समाप्त' छापलेलं होतं. त्याने मागची पानं चाळली. काका नव्हता. वाघ नव्हता. तानसा तर कुठेच नव्हता.

त्याने मान वर केली. चंद्रकला पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. तांब्या देताना ती वाकली आणि बसक्या आवाजात एवढंच पुटपुटली, "सासूबाई म्हणाल्या, झोडणी होईस्तोवर तुम्हांला कोणी जाऊ देत नाही. मग मी ती संपू कशाला देऊ?"

इतके दिवस तो झोडणी संपावी म्हणून हाडं मोडून घेत होता आणि ही ती संपू नये म्हणून घसा फोडत होती. दोघांनाही एकच हवं होतं. त्याला तिथेच तिचा हात धरावासा वाटला. पण खळ्यावर वीस माणसं बसली होती आणि त्याच्या हातात तांब्या होता.

"वाच ना रं!" धोंडीबाई करवादली.

कान्हाने 'समाप्त'वर डोळे रोखले आणि सुरुवात केली. "तो... म्हणजे नायक. तो तालुक्याच्या शाळेत मास्तर होता."

"मास्तर?" कमळू म्हणाला. "काल तर राजाचा दिवान हुता!"

"त्याची बदली झाली."

"असंल," अनंता म्हणाला. "सरकारचं काय सांगावं?"

"तिथे त्याची खोली होती. खोलीत चूल होती, पण ती पेटवायला कोणी नव्हतं. तो दुपारी चुरमुरे खायचा."

"नुसतं चुरमुरं?" रखमीने विचारलं.

"नुसतेच. शनिवारी तो घरी यायचा. तिला बघायचा. ती भाकऱ्या थापायची, पाणी भरायची, पण दोघांना दोन शब्द बोलता यायचे नाहीत. रविवारी परत जाताना त्याला रस्ताभर रडू यायचं." हे वाचताना मास्तरचा आवाज असा काही कापला की पलीकडच्या खळ्यावरची एक म्हातारी पदर डोळ्याला लावून बसली.

"मंग बायकोला संगं न्यावी की!" कमळू तापला. "नेत का नाय?"

"तिची सासू..." कान्हा थांबला.

"सासू पाठवीत नसंल," रखमी म्हणाली. "असत्यात अशा कैदाशिणी. आदी ती आडवी पडली असंल."

सगळ्यांनी सासूला शिव्या घातल्या. धोंडीबाईने तर बोटं मोडली. कान्हा पुस्तकाकडे बघत राहिला. आता पुढे खोटं बोलणं त्याच्याच्याने होईना.

"नाही," तो म्हणाला. "सासू आडवी पडली नाही. त्याने तिला कधी विचारलंच नाही."

खळ्यावर जो गलका उठला तो लढाईच्या दिवशीही उठला नव्हता.

"इचारलं नाय?"

"मंग आमी इतके दिस कुनासाठी जीव टाकला?"

"वाघाच्या तोंडातून आली ती पोर, आन ह्यो आईफुडं तोंड उघडंना!"

"दिवान म्हनं! शेन भरा म्हनावं गोठ्यातलं."

सगळ्यांत वरचढ आवाज धोंडीबाईचा. "आई काय वाघीन हाय? खाती काय त्याला? इचार म्हनावं मेल्याला, आत्ताच्या आत्ता इचार!"

कान्हाने पुस्तक मिटलं. उभा राहिला. धोतराला चिकटलेला पेंढा झटकला, तो पुन्हा चिकटला.

"आये," तो म्हणाला, "मी हिला शहापूरला नेऊ का?"

अनंताच्या हातातली बिडी तशीच राहिली. चंद्रकलेने खांबाआड तोंड लपवलं. कमळूच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला, पण पडला तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. सगळं खळं धोंडीबाईकडे बघत होतं.

धोंडीबाईने लेकाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग सुपातलं भात एकदा पाखडलं.

"ते मागून," ती म्हणाली. "आदी त्या पोराचं काय झालं, ते सांग. त्याची आई काय बोलली?"

कान्हाने पुस्तक पुन्हा उघडलं. "हो बोलली."

"मंग झालं तर. शानी बाई हुती." तिने सूप खाली ठेवलं. "बघत काय ऱ्हायलाव रे सगळी? झोडा! उद्या सकाळी पोरांना निघायचंय."

उरलेल्या पेंढ्या त्या दिवशी कोणत्याही कादंबरीशिवाय उन्हं उतरायच्या आत झोडून झाल्या.

सकाळी गाडी जुंपली. चंद्रकलेची ट्रंक वर चढली. धोंडीबाई घरातून एकेक वस्तू आणून गाडीत ठेवत होती: नव्या तांदळाचं गाठोडं, सुकटीची पुरचुंडी, लोणच्याची बरणी, पोळपाट. मधेच थांबून तिने विचारलं, "कान्ह्या, त्या पोराच्या आईनं काय काय दिलं रे सुनेबरोबर?"

"तेवढं लिहिलेलं नाही, आये."

"लिवनार कसं? ह्या पुस्तकवाल्यांना संसारातलं काय कळतंय?" असं म्हणून ती पुन्हा आत गेली आणि चूल पेटवायची फुंकणी घेऊन बाहेर आली.