दोन मिनारांची अशरफी

आमच्या गल्लीतल्या बायका अप्पा समोरून आले की गळ्यावरून पदर ओढून घेतात. अप्पांची नजर वाईट नाही. ती फक्त सोन्याच्या जुन्या नाण्यांवर असते. एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या आईच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ भिंग लावून वीतभरावरून बघितली आणि भर पंगतीत सांगितलं, की नऊ पुतळ्या जुन्या, दोन नव्या आणि एक पितळेची. ती एक कुणी बदलली यावरून दोन जावांचं बोलणं बंद झालं, ते अजून सुरू झालेलं नाही. तेव्हापासून उदगीरमध्ये अप्पांना लग्नाची पत्रिका लग्न लागून गेल्यावर पोचते.

बसवंतअप्पा वजनमापे निरीक्षक म्हणून रिटायर झाले. मोंढ्यातले व्यापारी अजून त्यांना बघून काटा पुसायला घेतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, जेवणाचा डबा येतो. पेन्शनीतून घेतलेली सोन्याची वीस-बावीस नाणी बँकेच्या लॉकरमध्ये, आणि प्रत्येकाचा ग्रेड एका वहीत, आण्यांमध्ये. टाकसाळीतून आत्ता निघाल्यासारखं नाणं म्हणजे सोळा आणे. तसं अप्पांना अजून मिळालेलं नाही.

ही सवय पुढे नाण्यांपुरती राहिली नाही. डब्यातलं वरण नऊ आणे. गल्लीतला नवा डॉक्टर अकरा आणे, "कडंला जरा घासलेला." माझ्या नवऱ्याला त्यांनी तेरा दिले. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कमी झालेल्या मार्कांचं कारण विचारायची मला खोड. अप्पा म्हणाले, "माणूस चांगला हाय बाई, पण लई धुतलेला हाय."

नाणं धुणं हे त्यांच्या लेखी पाप. सोन्यावर काळानं चढवलेला रंग एकदा गेला की परत येत नाही. दुसरं पाप म्हणजे माळेत ओवायला नाण्याला कडी डाकणं. अशी नाणी ते हातातसुद्धा घेत नसत.

मागच्या वर्षी शिरूर अनंतपाळजवळच्या एका वस्तीवरून निरोप आला, की घरात निजामाच्या काळातली अशरफी आहे, येऊन बघा. अप्पा आठवडाभर धड जेवले नाहीत. रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. वाटेत त्यांनी माझ्या गाडी चालवण्याला दहा आणे दिले आणि नळेगावच्या खड्ड्यांनंतर आठवर आणले.

घर शेतकऱ्याचं, मोठं. सुभद्राबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी, दोन मुलगे, दोन सुना. पाहुणे येणार म्हणून सुनांनी सकाळीच अशरफी चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केली होती. वर तिला कडी डाकलेली. अप्पा मटकन बाजेवर बसले. त्यांना ऊन लागलं असं समजून धाकट्या सुनेनं कांदा फोडून आणला.

थोरल्या मुलानं मग मुद्दा सांगितला. अशरफीला किंमत नसेल तर सोनाराकडे आटवायची आणि दोन्ही सुनांना एकेक अंगठी करायची. अप्पांनी भिंग लावलं. नाण्यावरच्या चारमिनारचे दोनच मिनार शिल्लक होते.

"हे दोन कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"माझ्या अंगठ्याखाली," आजी म्हणाल्या. "मायनं सासरी धाडताना गळ्यात घातली होती. लेकरं आजारी पडली, मालक गेले, तवा हिलाच धरून बसले. दुसरं काय धरावं?"

अप्पा बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि मुलांना सांगितलं, की हे पंधरा आण्याचं नाणं आहे, असं पुऱ्या लातूर जिल्ह्यात दुसरं नाही. आटवलं तर पस्तावाल. आणि ते एकाच माणसाच्या अंगावर राहिलं पाहिजे, गळा बदलला की ग्रेड घसरतो. मुलांनी माना डोलावल्या. आजींनी अशरफी गळ्यात घालून पदराआड केली.

परतताना मी विचारलं, "खरा ग्रेड किती होता?"

"तीन आणे," अप्पा म्हणाले. "तेबी कडीचे." सगळ्या नोकरीत एक छटाक इकडचा तिकडे न केलेला माणूस खिडकीबाहेर बघत बसला.

त्यानंतर अप्पा महिन्यातून एक रविवार वस्तीवर जाऊ लागले. अशा नाण्याची वरचेवर तपासणी लागते, असं त्यांनी त्या घरात सांगून ठेवलं होतं. परवा लातूरहून येताना मी त्यांना घ्यायला वस्तीवर गेले. ओसरीवर सूपभर तुरीच्या शेंगा मध्ये ठेवून अप्पा आणि आजी सोलत बसले होते. आजी सुनांच्या तक्रारी सांगत होत्या, अप्पा हुंकार देत होते. धाकटी सून आतून सांगत आली, की मामा जेवल्याशिवाय जायचे नाहीत, त्यांच्या आवडीची आंबाडी केलीय.

जेवण झाल्यावर मी हळूच विचारलं, "अप्पा, वर्ष झालं. किती दिवस तपासणार?"

त्यांनी एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"आत्ता कुठं एक बाजू झालीय, बाई," ते म्हणाले.