वीस मेगाबाईटांचे राखणदार

पूर्णविरामानंतर मी स्पेसबार दोनदा दाबते, एवढ्या कारणावरून ठोंबरेजींनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "देशकर मॅडम, रिकामी जागा बी जागा खाते. एका पत्रात तुमच्या चाळीस फालतू स्पेस निघाल्या. मी मोजल्या."

मी टायपिंगच्या परीक्षेत पहिली आलेली बाई. पूर्णविरामानंतर दोन स्पेस, हे माझ्या बोटांत बसलेलं. मी म्हटलं, "मोजायला तुम्हाला वेळ बरा मिळतो." जाताना ते माझ्या पत्रांच्या फाईलकडे असं पाहून गेले, की जणू मीच रोज कंपनीतून काहीतरी पदराखाली घालून नेते.

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे तिथे कॉम्प्युटर आला. एकच. त्याला काचेची खोली, एसी, आणि दाराबाहेर चपला-बूट काढायची सक्ती. नारळ फोडताना मॅनेजर मुळेसाहेब म्हणाले होते, की याच्या पोटात वीस मेगाबाईटची हार्ड डिस्क आहे, आपल्याला जन्मभर पुरेल. आज मोबाईलवर पाच-सहा फोटो काढले की तेवढी जागा संपते. आमची दीड वर्षात संपली.

त्या खोलीचे इन्चार्ज दिगंबर ठोंबरे. मूळचे ड्रॉइंग सेक्शनमधले ट्रेसर, म्हणजे इंजिनिअरने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारे. पन्नाशीला आलेल्या या माणसाला कंपनीने तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर काचेच्या खोलीत बसवलं. कॉम्प्युटरला तेव्हा खरोखरची किल्ली असे. ती ठोंबरेजींनी करदोड्याला बांधली होती. त्यामुळे रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि आम्ही बायका खिडकीबाहेर बघत असू.

मशीन सुरू झालं, की डिस्कवर किती जागा शिल्लक आहे तो आकडा ते दारावरच्या फळ्यावर खडूने लिहीत. कालच्यापेक्षा कमी भरला की चौकशी सुरू. "जागा कोणं खाल्ली?" हा प्रश्न ते मुळेसाहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना विचारत. चहावाल्याने कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हता, पण संशय म्हटला की त्यात सगळे सारखे. जागा वाचवायला त्यांनी कामगारांची नावंसुद्धा छाटली. वाइंडिंग शॉपमधला पुरुषोत्तम एकदा भांडायला आला, की माझ्या नावाची पाचच इंग्रजी अक्षरं काहून ठेवली? ठोंबरेजी शांतपणे म्हणाले, "तुमच्या बापानं नाव ठेवताना डिस्कचा विचार नाई केला. तो मी करून राहिलो."

आता माझ्याबद्दलही सांगायला हवं. मला संशय फार लवकर येतो. दोरीवरचे चिमटे मी मोजून ठेवते, आणि कमी भरले तर शेजारणीशी दोन दिवस तोलून बोलते. त्यामुळे ठोंबरेजी एवढा आरडाओरडा करतात तरी जागा कमीच कशी होते, हे मला पहिल्यापासून खटकत होतं. डिस्कवर "ऑडिट" नावाचा एक कप्पा होता, तो चांगला फुगलेला. एकदा मी विचारलं, यात काय आहे? ठोंबरेजी पटकन म्हणाले, "ते उघडू नोका. ऑडिटचं हाय." कुठल्याही ऑफिसात ऑडिटचं म्हटलेलं कोणी आपण होऊन उघडत नाही. पण आमचे ऑडिटर अजून जाड रजिस्टरंच तपासत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यातच जेवणाच्या सुट्टीत ठोंबरेजी दहा मिनिटांत डबा उरकत आणि काचेवर "सिस्टीम चेकिंग" अशी पाटी लावून, पडदा ओढून आत बसत. चेकिंग करताना माणूस अधूनमधून "अरे बापा" असं म्हणेल का, तुम्हीच सांगा.

सप्टेंबर आला. सहामाही स्टॉकची मोजणी त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर घ्यायची होती आणि तिला दोन मेगाबाईट मोकळी जागा लागणार होती. फळ्यावरचा आकडा त्याच्या निम्माही नव्हता. मुळेसाहेबांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. त्याच आठवड्यात, सोमवारी, पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात मला एक आलेखाचा कागद सापडला.

तो नकाशा होता. शाईने काढलेला, अक्षर छापल्यासारखं. बारीक बारीक खोल्या, त्यांना जोडणारे बोळ. वर लिहिलेलं: चौथा तळ. एका भिंतीवर: गुप्त दार, ढकलणे. एका कोपऱ्यात: पहारा, दोन जण. पुढे: पेटी, कुलूप, चोराला पुढे पाठवणे. आणि एका चौकटीत लाल शाईने: बाळाभाऊ इथे पडला, उचलून नेणे.

आमच्या स्टोअरमध्ये तांब्याच्या तारेची रिळं असत आणि तांब्याचा भाव तेव्हा काय होता ते इतवारी बाजारातल्या कोणत्याही भांडेवाल्याला विचारा. कारखान्याला तळघर नव्हतं हे खरं. पण म्हणजे हे लोक ते खणत असणार, असं मी लगेच ठरवून टाकलं. आणि त्या खणाखणीत बाळाभाऊ नावाच्या कोणाचा तरी जीवही गेला होता. मी कागद पर्समध्ये ठेवला. मुळेसाहेबांना तो दाखवण्याआधी "ऑडिट" एकदा उघडून बघायचं, म्हणजे पक्का पुरावा.

दुसऱ्याच दिवशी संधी आली. जेवणाच्या सुट्टीत मुळेसाहेबांनी ठोंबरेजींना जागेवरून झापायला बोलावलं आणि त्या गडबडीत ठोंबरेजी मशीन किल्लीने बंद करायला विसरले. मी सँडल काढून आत शिरले, ऑडिटचा कप्पा उघडला. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा एक बोळ उमटला. खाली इंग्रजी अक्षरांत सहा नावं. पहिलं बाळाभाऊ, धंदा योद्धा, आणि त्यासमोर लिहिलेलं: मृत. मग वहिनी, पुजारीण. नामदेव, योद्धा. अक्का, जादूगारीण. वसंता, हाही योद्धा. सगळ्यात शेवटी दिगंबर, धंदा चोर.

"ते बंद नका करू, मॅडम. सेव न करता बंद केलं तर सगळं जाते."

मागे ठोंबरेजी उभे होते. बूट बाहेर काढलेले, त्यामुळे पावलं वाजली नव्हती. मी दचकले, पण चोरी त्यांची पकडली गेली होती, माझी नाही. मी म्हटलं, "कुंपणच शेत खातंय म्हणायचं. सगळ्या कंपनीला विचारत फिरता, जागा कोणं खाल्ली. तुम्हीच खाल्ली की."

ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हो. मीच खाल्ली."

मग त्यांनी सांगितलं. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर हा खेळ तीन फ्लॉप्यांवर देऊन गेला होता. आपण सहा माणसं तयार करायची आणि त्यांना घेऊन भुयारात उतरायचं. राक्षस मारायचे, पेट्या उघडायच्या, तळातळाने खाली जायचं. वाटा लक्षात राहत नाहीत, म्हणून नकाशा काढत जायचा. फ्लॉप्या मे महिन्यात त्यांच्या स्कूटरच्या डिकीत राहिल्या आणि नागपूरच्या उन्हात पापडासारख्या वाकल्या. त्यामुळे आता जगात तो खेळ, त्यांच्या जगात तरी, या एका डिस्कवरच उरला होता.

मी नकाशा काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि मला काय वाटलं होतं तेही सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नकाशावरून मले चोर म्हणणारे तुम्ही पयले नाई."

रामटेकजवळ त्यांचं गाव. नामदेव आणि वसंता हे त्यांचे भाऊ, अक्का बहीण, आणि वहिनी म्हणजे बाळाभाऊची बायको. वडील गेल्यावर धानाच्या शेताच्या वाटण्या झाल्या, तेव्हा मोठ्या भावाने, बाळाभाऊने, नकाशा यांनाच काढायला सांगितला. घरात नकाशे काढणारा माणूस असताना बाहेरचा कशाला? यांनी जीव ओतून काढला. पण धुरा, म्हणजे शेताचा बांध, घालायची वेळ आली तेव्हा तो भावाच्या अंदाजापेक्षा फूटभर त्याच्याच हिश्श्यात पडला, आणि कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की दिगंबराने पेनाने शेत सरकवलं.

"रेघेले जाडी असते, मॅडम," ठोंबरेजी म्हणाले. "शोभून दिसावी म्हणून मी जाड पेन घेतला. कागदावर केसाएवढी जाडी. शेतात तिचा फूट होते. एवढंच झालं होतं. मी म्हटलं, माझा फूट बी घेऊन जा. पण तवापासून कोणी कोणाच्या दारात नाई. अकरा वर्षं झाली."

"मग इथे स्वतःला चोर कशाला केलंत?"

"एक चोर लागतेच त्यात. पेट्या उघडाले. मंग अक्काले करू का वहिनीले?" मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "ते जाऊ द्या. सहाही जण एका बोळातून चालून राहिले, एवढं दिसते ना तिथं."

गेल्या आठवड्यात चौथ्या तळावर एक पेटी चोराने चुकीची उघडली. तिच्यातून बाण सुटला तो बाळाभाऊला लागला. आता मेलेल्याला उचलून चार तळ वर आणायचं. वर गावात एक देऊळ असतं, तिथले पुजारी मेलेल्याला उठवतात. म्हणजे कधी उठतो, कधी नाही उठत. शनिवारी डिस्क रिकामी करायची होती.

मी म्हटलं, "एवढं कशाला? दोन मिनिटांत दुसरा बाळाभाऊ तयार करा."

"तो दुसरा होईल ना," ते म्हणाले.

ज्यांच्याकडे जागा मुबलक असते ते म्हणे आधीची प्रत बाजूला ठेवतात, आणि काही चुकलं की तिथून पुन्हा सुरू करतात. ठोंबरेजींनी आमच्या डिस्कवर दुसऱ्या प्रतीला जागा दिली नव्हती. झालं ते झालंच. सहा जणांची फाईल छोटी होती, ती एखाद्या फ्लॉपीवर नेता आली असती, पण फ्लॉप्या मुळेसाहेबांच्या कपाटात, आणि खेळच पुसला गेल्यावर नुसती माणसं नेऊन ठेवायची कुठे?

मला माझीच लाज वाटली. ती मी तोंडाने कबूल केली नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत नकाशा घेऊन त्यांच्याशेजारी बसू लागले. "उजवीकडे. आता तीन चौकटी सरळ. तिथे पहारा आहे, ठोंबरेजी, जपून." पडद्याबाहेर लोक काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या जागी मी असते तर तेच बोलले असते. गुरुवारी वसंता मरता मरता वाचला, वहिनीने मंत्र घालून जखम भरली, आणि ठोंबरेजी "वहिनीचा हातच तसा हाय" असं म्हणून डोळे पुसू लागले. एसीचं वारं लागतं, म्हणाले.

शनिवारी दुपारी ते गावात पोचले. पुजाऱ्याने दक्षिणा मागितली. ठोंबरेजींनी सहाही जणांच्या थैल्या रिकाम्या केल्या. पडद्यावर काही क्षण काहीच नव्हतं. मग बाळाभाऊच्या नावासमोरचा "मृत" हा शब्द गेला आणि तिथे दुसरा शब्द आला: राख.

"पुन्हा करून बघा," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे आता काही नाई द्याले."

सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. मी पुसते म्हटलं, तर ते नाही म्हणाले. स्वतःच आज्ञा टाइप केली. मशीनने विचारलं, नक्की पुसायचं का? त्यांनी हो म्हणून बटण दाबलं. मग नेहमीसारखे उठून फळ्याशी गेले आणि नवा आकडा लिहिला. त्या मशीनवर कित्येक महिन्यांत एवढी जागा मोकळी नव्हती. मुळेसाहेब खूश होऊन शाब्बास म्हणून गेले.

सोमवारी ठोंबरेजी आले नाहीत. शनिवारी घरी जाताना किल्ली मुळेसाहेबांकडे देऊन गेले होते. मी कंपनीत आल्यापासून नऊ वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती. स्वभावाला औषध नाही, मी दुपारी स्टोअरमध्ये जाऊन तांब्याची रिळं जागेवर आहेत ना, ते बघून आले.

मंगळवारी सकाळी काचेच्या दाराबाहेर त्यांचे बूट दिसले. नाडीपर्यंत वाळलेला चिखल. आत ठोंबरेजी भिंतीकडे तोंड करून, मुळेसाहेबांकडून परत घेऊन बांधलेली किल्ली सोडवत होते. मी खिडकीबाहेर बघत विचारलं, "कुठे होतात?"

"गावाले गेलतो. भावाकडे."

मी थांबले. मशीन सुरू करून ते माझ्याकडे वळले.

"दार त्यानंच उघडलं. बुढा झाला, मॅडम. मले पाहून उंबऱ्यातूनच म्हणे, काहून आला? आता आणखी काय न्याचं राहिलं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, काही नाई न्याचं. तू हायेस का, तेवढं पाहाले आलो."

"मग?"

"आत पाहून वहिनीले म्हणे, दिगंबराचं बी ताट घे वं." ठोंबरेजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "जेवताना तीन-चारदा मान वर करून माझ्याकडं पाहे. मले वाटलं, अजून संशयच घेऊन राहिला. मंग समजलं, मी उठून तर नाई गेलो, ते पाहून राहिला होता."