शिडीच्या पायथ्याशी जबाबदार इसम

घरची उंच शिडी कशी उभी करावी हे माणसाला कळत नाही, असा शोध १९६३ सालच्या मे महिन्यात वर कुठेतरी लागला. लगेच बारा नियमांची पुस्तिका छापली गेली. तिची एक प्रत ग्रामसेवक वामनरावांच्या पिशवीत बसून बोरी अरबपासून तीन कोसांवरच्या या गावात आली. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि सरपंच पुंडलिकरावांच्या घरावर भीमराज चढलेला होता.

भीमराज कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायचा. वर्षभर वानरांनी नाचून फोडलेले कवेलू काढायचे, साबूत तेवढे पुन्हा रचायचे आणि फुटक्यांच्या जागी नवे बसवायचे, हे त्याचं वीस वर्षांचं काम. शिडी भिंतीला टेकवायची, बुडाशी धोंडा लावायचा आणि चढायचं, एवढंच त्याला ठाऊक. सात वर्षांपूर्वी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. तेव्हापासून त्याचं वाकून जोहार घालणं बंद झालं. कवेलू मात्र फुटतच होते, त्यामुळे त्याला बोलावणं काही बंद झालं नाही.

"भीमराज, जागचा हलू नको!" वामनराव अंगणातून ओरडले. "शिडी नियमबाह्य आहे."

"मंग मी चढलो कसा, साहेब?"

"तू नियम येण्याआधी चढलास. उतरणं नियमानंतरचं आहे."

तिसरा नियम असा की, शिडी चार हात लांब असेल तर तिचं बूड भिंतीपासून एक हात दूर असावं. म्हणून चौघांनी शिडी काढून आडवी घातली आणि मोजली. सोळा हात भरली. वामनरावांनी भिंतीपासून चार हातांवर चुन्याची रेघ ओढली. पुंडलिकराव म्हणाले, वा! गाव पुढं चाललं, यात शंका नाही. मग वामनरावांनी चौथा नियम वाचला आणि गाव जिथल्या तिथं थांबलं.

'चढणाऱ्या-उतरणाऱ्या व्यक्तीची पूर्ण जबाबदारी घेणारा एक इसम पायथ्याशी दोन्ही हातांनी शिडी धरून उभा असावा. असा इसम नसल्यास शिडी उभी करू नये.'

अंगणात चाळीसएक माणसं जमली होती. भीमराजला वरून सगळ्या टोप्या आणि पागोटी दिसत होती, तोंड एकाचंही दिसत नव्हतं.

"सदाशिवराव, धरा बरं तुम्ही," पुंडलिकराव गर्दीतल्या सगळ्यात धडधाकट माणसाला म्हणाले.

सदाशिवरावांनी त्याच सकाळी बैलगाडीचं चाक एकट्यानं उचललं होतं. त्यांच्या कमरेत तिथल्या तिथं उसण भरली. वामनराव स्वतः शासकीय सेवक. भीमराज त्यांच्यावर पडला तर तो शासनावर पडल्यासारखा होणार. बाकीच्यांनी आधी मान सरपंचांचा म्हणून बोट दाखवलं. राहता राहिले पुंडलिकराव.

"जातपात मी मानत नाही, हे अवघ्या गावाले ठाऊक हाय," पुंडलिकरावांनी खाकरून सांगितलं. "पण तो वरून उतरणार, मी खाली. त्याचे पाय येणार माह्या डोक्यावरून. सरपंचाच्या पदाचा इचार नको का कराले?"

विचार सगळ्यांनाच पटला. भीमराजचे पाय वीस वर्षं पुंडलिकरावांच्या देवघरावरून फिरत होते. देवावर पाणी गळू नये म्हणूनच तर त्याला चढवत. देवाला पद नसावं, दुसरं काय!

बारा वाजले. कवेलू तव्यासारखे तापले.

"पाय भाजून राह्यले, भाऊ!" भीमराज म्हणाला. त्यानं कवेलू ओढायची दोरी खाली सोडली. "पानी तरी बांधा याले. घसा सुकला माहा."

वामनरावांनी पुस्तिका उलटीसुलटी पाहिली. वरच्या इसमास पाणी देण्याबाबत तीत काही तरतूद नव्हती. त्यांनी मार्गदर्शन मागवायचं कबूल केलं. पुंडलिकरावांच्या घरी पाणी रांजणभर होतं. भीमराजला देण्यासारखं भांडं मात्र घरात सापडेना. दोरी तशीच लोंबत राहिली. भीमराजच्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. माणूस उन्हानं वरच मेला तर त्याला खाली आणताना शिडी कोण धरील, हाही प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला.

एवढ्यात त्याची बायको पंचफुला भाकर आणि पाण्याचा गडू घेऊन आली. तिनं वर पाहिलं, मग आडव्या शिडीकडे पाहिलं.

"काहून बसले वर?"

"उतरू देऊन नाही राह्यले."

पंचफुलानं गडू खाली ठेवला, पदर खोचला. शिडीचं बूड ओट्याला अडवलं, टोक डोक्यावर घेतलं आणि एकेक पायरी हातानं पुढं ढकलत शिडी उभी केली. मग बूड ओढून बरोबर चुन्याच्या रेघेवर आणलं, धोंडा लावला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"बाई, जबाबदार इसमाची इथं सही लागते," वामनराव म्हणाले.

"लोकाचा जीव जाऊन राह्यला न् सही मांगता? लाज नाही वाटत? या हो तुम्ही खाली!"

भीमराज उतरला. गडूभर पाणी घटाघट प्यायला आणि भाकर घेऊन चालू लागला.

"अरे, देवघरावरचे कवेलू उघडेच राह्यले!" पुंडलिकराव ओरडले.

"धरणारा भेटला का निरोप द्या, पुंडलिकराव. मी येतो."

दुपारी अहवालासाठी दारव्ह्याहून फोटोवाला आला. रिकामी शिडी दोन्ही हातांनी धरून पुंडलिकराव उभे राहिले. सदाशिवरावांची उसणही फोटोपुरती थांबली. वामनरावांनी 'प्रात्यक्षिक यशस्वी' असा अहवाल लिहिला आणि त्याला उपस्थितांची यादी जोडली. यादीच्या डोक्यावर ओळ होती: 'सर्व प्रकार आम्ही प्रथमपासून अखेरपर्यंत पाहिला. माणूस उतरतेवेळी शिडीस हात लावला नाही.' खाली एक्केचाळीस सह्या.

बेचाळिसावी ओळ कोरी आहे. तुम्ही पहिल्या वाक्यापासून इथंच होता ना? मग घ्या टाक, करा सही.