धुडकूभाऊचा कोरा हात

आमच्या चाळीसगावच्या गल्लीत धुडकूभाऊ रोज सकाळी आंघोळ करून माझ्या ओट्यावर यायचा आणि म्हणायचा, "अक्का, पेन दे वं जरा." पेन घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून काहीतरी करायचा आणि परत द्यायचा. आता हा माणूस कापसाच्या जिनिंगमधला हमाल. शाळेचं तोंड न पाहिलेला, पगाराला अंगठा लावणारा. त्याला पेन कशाला? एकदा विचारलंच. "कानमा खाज येस," म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याचं पेन वेगळं ठेवलं.

माणूस एकटाच. बायको देवका जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. बाकी त्याला वेडं दोनच, गोंदण आणि रक्तदान. उजव्या हातावर मारुती, विंचू, तुळस, बैलाचं नाव, इतकी गर्दी की डास बसायचा तर जागा शोधावी लागेल. मारुतीच्या शेपटीला मधेच एक गाठ होती. विचारलं की म्हणायचा, "गोंदनारीनले शिंक वनी, तिले काय करशी!" ती बाही कायम खांद्यापर्यंत वर. डाव्या हाताची मात्र भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बटण लावून बंद.

रक्त त्याचं ओ निगेटिव्ह. कोणालाही चालणारं, पण मिळायला अवघड. त्याचा त्याला भारी रुबाब. कोणी तंबाखू पुढे केली की म्हणायचा, "नको रे भाऊ, मनं रगत सरकारी शे!" डास चावला तर त्याला मारून वर ओरडायचा, "चोर! सरकारी माल!"

ही दोन वेडं सुखानं नांदत होती. पण ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास एका शिबिरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यात्रेत एकच सुई सगळ्यांना टोचतात, त्यातून रोग पसरतात. नवीन गोंदलं तर सहा महिने रक्त घेणार नाही. "सहा महिना? आनि मधमा कोनले लागनं तं?" धुडकूभाऊचं तोंड एवढंसं झालं. गोंदणं त्याच दिवशी बंद. पण सवय कुठे जाते? यात्रेत जाऊन गोंदणारणीसमोर उकिडवा बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचा, "गोंदू नका! सहा महिना वाया जातीन!" बाई चप्पल घेऊन मागे लागायची.

अशातच एका सकाळी किराणा दुकानात धुळ्याहून फोन आला. माझी लेक शोभा बाळंतपणात अडली होती. ऑपरेशन करायचं, ओ निगेटिव्ह रक्ताची सोय करा. मी धावत घरी आले तर ओट्यावर हा, "अक्का, पेन..." मी पेन त्याच्या अंगावरच फेकलं. "घे आणि चल माझ्याबरोबर!"

पॅसेंजरमध्ये त्यानं खिडकीकडे तोंड करून पेनाचं काम उरकलं, पेन माझ्या पिशवीत टाकलं आणि दोन वडे खाल्ले. उपाशीपोटी रक्त देऊ नये, हे त्याला पाठ.

धुळ्याच्या दवाखान्यात रक्त घेणाऱ्या पोरानं त्याची डावी बाही वर केली. मनगटावर निळी तीन अक्षरं. देवका.

"काका, हे गोंदण ताजं दिसतंय. नाही चालणार."

मी कडाडले, "मेल्या, सगळ्या गावाला शिकवतोस आणि स्वतः गोंदून बसलास? माझी पोर आत पडलीय रे!"

धुडकूभाऊनं मनगटाकडे एकदा पाहिलं. मग ताटलीतला स्पिरिटचा कापूस त्यानं उचलला आणि घासायला लागला. आधी देव गेलं, मग का. कापूस निळा झाला, हात कोरा.

"गोंदेल नई, लिखेल शे," तो म्हणाला. "आते घ्या."

दुपारी शोभा सुटली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाहेरच्या बाकावर धुडकूभाऊ बिस्किटं खात बसला होता. मी जवळ बसले तसा आपण होऊन बोलला.

"देवकाना हातवर मनं नाव व्हतं. म्हने, तुम्ही बी मनं गोंदा. मी म्हनं, पुढली यात्राले." बिस्कीट हातातच राहिलं. "बाळंतपनमा रगत लागनं. भेटनं नई."

"मग आता गोंद की रे तिचं नाव."

"आनि सहा महिना? कोनी अशीच अडनी तं?"

तीनच अक्षरं लिहायला शिकला होता हा माणूस.

थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "अक्का, पेन शे का?"

पेन पिशवीत होतं. मी दिलं, आणि या वेळी मीच भिंतीकडे तोंड करून बसले.