तात्यांच्या मापाबाहेरचं अंडं

आमच्या रहिमतपुरात अंड्याला टेप लावून माप घेणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे तात्या टेलर. दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही. अंडं हातात आलं की लांबी, घेर आणि लगेच निकाल. "बसतंय!" नाहीतर, "ढिलं हाय, न्या परत."

तात्या घरीच पिल्लं काढतात. थर्माकोलचा खोका, वर काच, आत बल्ब आणि वाटीभर पाणी. पण खरी मजा त्याआधीची, अंडी निवडायची. अंडी देणाऱ्या घराची आधी चौकशी. "कोंबडा फिरतोय नव्हं परड्यात?" तेही चारचौघांत, मोठ्यानं!

एकदा मी दहिवडीच्या बहिणीकडून डझनभर गावठी अंडी मांडीवर जपत एसटीनं आणली. आमच्या बायकोनं कौतुकानं घासून लख्ख धुतली. तात्यांनी कपाळावर हात मारला.

"आवं वैनी, अंड्याचं अस्तर धुतलं की वो तुमी! वरची साय गेली की आत घाण शिरती."

बाराच्या बारा नापास. मग भुर्जी झाली. ती मात्र तात्यांनी दोनदा मागून खाल्ली.

या खेपेला त्यांनी दहा अंडी निवडली. निमुळतं टोक खाली करून गार कोपऱ्यात ठेवली. मग खोक्यात मांडली. उलटवताना चुकू नये म्हणून शिंप्याच्या खडूनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. मला ताकीद, "हात धुऊन या, गुरुजी." शाळेत मी पोरांवर डाफरतो, इथं मुकाट्यानं नळावर जातो.

खोक्यात बघतो तर अकरावं अंडं! वाकडं, एका बाजूनं चेपलेलं.

"तात्या, हे कसं पास झालं? लावा की टेप!"

तात्यांनी टेप खिशात घातली. "ह्येला माप न्हाई." मग हळूच म्हणाले, "हिच्या कोंबडीचं हाय. शेवटचं."

काकू, म्हणजे तात्यांची बायको, गेल्या दिवाळीत वारल्या. त्यांची लाडकी कोंबडी परवा मुंगसानं नेली. खुराड्यात मागं राहिलं ते हे एवढंच.

एकविसाव्या दिवशी काय धमाल! आतून टकटक, चिवचिव. मी मधल्या सुट्टीत दोनदा पळत तात्यांकडे येऊन गेलो. संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा पिल्लं बाहेर. वाकडं तसंच. बाविसावा दिवस गेला. तेविसाव्याला दुपारी मला राहवेना.

"तात्या, झालं की हो आता. बल्ब बंद करा."

"ऱ्हाऊ द्या. हिला निघायला लय येळ लागायचा. कुनाच्या लग्नाला जायचं म्हटलं की मी दारात चपला घालून तासभर उबा."

तेवढ्यात टक् झालं. वाकून बघतो, तर कवचाला चीर! "आलं! तात्या, आलं!" मी असा ओरडलो, की बायको पिठाच्या हातानं धावत आली.

तात्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"वरडू नगा, गुरुजी. घाई केली की ती चिडती."